दोन शिंगं मोजलीत, दात कोण मोजणार?

चवथीपासून आमच्या फोंड्याच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'सुमात्राचा गेंडा दोन शिंगांचा, म्हणजे मूळचा आफ्रिकेचा. खरा आशियाई गेंडा एकशिंगीच. अंगावर केस, म्हणून तो हिमयुगातल्या लोकरी गेंड्याचा वंशज. भारतात तो कधी नव्हताच.' चार वाक्यं, चारही चुकलेली.

आधी शिंगं. सत्तरीत आजोळी एका बैलाचं शिंग मोडलं, तेव्हा आतलं रक्ताळलेलं हाड मी जवळून पाहिलंय. गेंड्याच्या शिंगात हाड नसतंच; केस-नखांच्याच द्रव्याचा तो घट्ट गठ्ठा, खाली नाकाच्या हाडावर नुसती खरखरीत जागा. कित्येक प्राचीन गेंड्यांना तर शिंगच नव्हतं. असल्या अवयवाच्या मोजणीवरून घराणं कसं ठरवायचं? सुमात्राच्या गेंड्याचं मागचं शिंग तर बऱ्याचदा टेंगळाएवढंच.

त्यापेक्षा तोंड उघडून बघा. आफ्रिकी गेंड्यांना पुढचे दात नाहीत, चारा ते ओठांनीच ओढतात. सुमात्राच्या गेंड्याच्या खालच्या जबड्यात सुळ्यासारखे टोकदार दात आहेत, अगदी काझीरंगातल्या एकशिंगी गेंड्यासारखे.

शिंगांवरून नातं जोडणारे शास्त्रज्ञही होते, त्यामुळे मेसेजवाल्याला अगदीच वेड्यात काढत नाही. पण 2021 मध्ये पाच हयात आणि तीन नामशेष जातींचे जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, ताडून पाहिले गेले. आफ्रिकी आणि युरेशियाई शाखा सुमारे 1 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच फुटलेल्या. सुमात्राचा आणि लोकरी गेंडा एका फांदीवर, आणि त्यांना सगळ्यांत जवळचे कोण? भारताचा आणि जावाचा, दोन्ही एकशिंगी!

मग लोकरी गेंडा पूर्वज ठरला का? नाही. दोघांच्या वाटा हिमयुगाच्या कितीतरी आधी वेगळ्या झाल्या. चुलत्याला आजोबा म्हणण्यातला प्रकार.

राहिला भारत. आसामात तो होता. शेजारच्या चितगावजवळ 1868च्या सुमारास रुतणाऱ्या वाळूत अडकलेली एक मादी गावकऱ्यांनी ओढून काढली. 1872 मध्ये ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोचली. तिच्या कानांच्या कडेला केसांची झालर होती; अशा फरकांवरून प्राणिशास्त्रज्ञ स्क्लेटर यांनी तिची वेगळी जात ठरवली. आज तिला उपजात मानतात. तिचं नाव बेगम. 1900 साली ती तिथंच मेली, आणि आता तिची ती उपजातही नामशेष मानली जाते.