फिनलंड-स्वीडन कागद निर्यात: आक्षेपांना उत्तर

फिनलंडची कागद निर्यात २००५पासून स्वीडनपेक्षा जास्त घसरली, असं मी टनांच्या आधारे मांडलं होतं. त्यावरचे तुमचे आक्षेप थोडक्यात असे: २००५ हे आधारवर्ष धरून मी फिनलंडची घसरण फुगवली, डॉलरमधली वाढ झाकायला टन वापरले, आणि स्वीडनला झुकतं माप दिलं.

२००५ घ्यायला नको होतं, हे मान्य. फक्त चूक तुम्ही म्हणता त्याच्या उलट दिशेची आहे. त्या वर्षी मे-जूनमध्ये फिनलंडच्या कागद उद्योगात जवळपास सहा आठवडे टाळेबंदी होती. आदल्या वर्षी सुमारे १ कोटी ४० लाख टन असलेलं उत्पादन सव्वा कोटीच्या आसपास आलं. आधारच खाली गेला की पुढची घसरण कमी दिसते, जास्त नाही. २००४ आणि २००६ची सरासरी घ्या. शेवटचं वर्ष २०२२ही नको, कारण यूपीएम या फिनिश कागद कंपनीतला संप तेव्हा १ जानेवारीपासून २२ एप्रिलपर्यंत चालला.

डॉलरबाबत मात्र मी मागे हटणार नाही. समजा, एका टनाचा भाव ७०० युरोवर स्थिर आहे. २००२मध्ये युरो सरासरी ०.९४ डॉलरचा होता, म्हणजे टनाचे साधारण ६६० डॉलर. २००८मध्ये युरो १.४७वर गेला, तर तोच टन १,०३० डॉलरचा. एक रीळही जास्त न पाठवता निर्यात ५६ टक्क्यांनी ‘वाढली’! युरोत मोजूनही भागत नाही, कारण स्वीडनचा क्रोना वेगळा. २००८ ते २००९मध्ये युरोचा सरासरी दर ९.६ वरून १०.६ क्रोनांवर गेला. स्वीडिश गिरणीची मजुरी क्रोनात, विक्री बरीचशी युरोत. युरोच वापरणाऱ्या फिनलंडला ही सवलत नव्हती.

पण स्वीडन कमी घसरला तो मुख्यतः मालामुळे. फिनलंडचा बहुतांश माल छपाईचा होता: मासिकं, कॅटलॉग, वर्तमानपत्रं. स्वीडनकडे पॅकेजिंगचा वाटा आधीपासूनच मोठा. छपाईच्या कागदाला मार बसला तो दोन्हीकडे. २०२०च्या अखेरीस फिनलंडमधली कायपोला ही कागदगिरणी, २०२१मध्ये वेइत्सिलुओतो आणि स्वीडनमधली क्वार्न्सवेडेन बंद पडली. तेव्हा झुकतं माप माझं नव्हे, पुठ्ठ्याचं.

स्वतः पडताळायचं तर कॉमट्रेड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकडेवारीच्या संकेतस्थळावर देशांचे कोड (फिनलंड २४६, स्वीडन ७५२), प्रवाह निर्यात, आणि प्रकरण ४८ (कागद-पुठ्ठा) चार अंकी पातळीवर उतरवा. निव्वळ वजन किलोत येतं. सहा अंकांत शिरलात तर फसाल: हलका कोटेड (थर दिलेला) कागद एचएस या मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या जुन्या आवृत्तीत ४८१०२१ होता, २००२च्या आवृत्तीपासून तो ४८१०२२ झाला. जुना कोड नव्या आवृत्तीत शोधला की निर्यात एका रात्रीत शून्य! म्हणून पूर्ण कालखंडाला एकच आवृत्ती लावा. दुधा-रसाच्या डब्यांचा पुठ्ठाही असाच चकवतो. केओलिनचाच (पांढऱ्या मातीचा) थर असेल तर तो ४८१०मध्ये, गिरणीतच प्लास्टिकचा थर चढवला तर ४८११मध्ये. ही दोन हेडिंगं (चार अंकी कोड) एकत्र धरल्याशिवाय तुलना करू नका. वजनाचा रकाना रिकामा किंवा अंदाजी असेल तर मूल्याला वजनाने भागून प्रतिटन भाव काढा. एखाद्या वर्षी तो दुप्पट झाला, तर बहुधा वजन चुकलेलं असतं.

एफएओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे टन याच्याशी जुळत नाहीत, ही तुमची तक्रार रास्त आहे. तिथल्या ‘कागद आणि पुठ्ठा’मध्ये तयार खोकी, पिशव्या, वह्या येत नाहीत, प्रकरण ४८मध्ये खोकी (४८१९) आणि वह्या (४८२०) धरलेल्या असतात. ४८०१ ते ४८११ एवढेच घेतलेत तर दोन्ही आकडे बरेच जवळ येतील.

राहिला फिनलंडमधल्या ऊलूची गिरणी बंद पडली, हा तुमचा मुद्दा. ती गिरणी बंद पडलेली नाही. कोटेड कागदावरून ती क्राफ्टलायनरकडे (खोक्यांसाठीच्या जाड कागदाकडे) वळली, त्यामुळे तिथला माल ४८१० सोडून ४८०४मध्ये गेला. तुम्ही फक्त ४८१० पाहिलंत, म्हणून तुम्हाला ती नाहीशी झाली.