रेडिओलॉजिस्ट एआयला घाबरलेत म्हणे!

‘एआय स्तनाचा कॅन्सर पाच वर्षं आधी पकडतं, पण नोकऱ्या जातील म्हणून डॉक्टर ते येऊ देत नाहीत.’ हा फॉरवर्ड अधूनमधून कुणीतरी पाठवतंच. आता एकदा नीट उत्तर देते.

आधी ‘पकडतं’चं बघू. या दाव्याचं मूळ अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या 2019 सालच्या मॉडेलमध्ये आहे. ते गाठ शोधत नाही. मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, बघून या बाईला पुढच्या पाच वर्षांत कॅन्सर होण्याची शक्यता किती, एवढंच सांगतं. पुढे ज्यांना खरंच कॅन्सर झाला, त्यातल्या 31 टक्के जणींना त्याने सर्वाधिक धोक्याच्या गटात टाकलं होतं. जुन्या पद्धतीने हे प्रमाण 18 टक्के होतं. सुधारणा चांगलीच आहे, पण उरलेल्या 69 टक्के त्या गटात नव्हत्याच. त्यांना ‘पकडलं’ कसं म्हणायचं?

‘डॉक्टर येऊ देत नाहीत’ हे तर आणखी गंमतीचं. हे मॉडेल घडवणाऱ्यांत संगणकतज्ज्ञ रेजिना बार्झिले यांच्यासोबत कॉन्स्टन्स लेमन होत्या, आणि त्या रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे, स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टर. याच लेमनबाईंनी 2015 मध्ये आधीच्या पिढीच्या यंत्राचं पितळ उघडं पाडलं होतं. मॅमोग्रामवर संशयास्पद जागी खुणा करणाऱ्या त्या ‘कॅड’ला अमेरिकेत 1998 साली मंजुरी मिळाली, विमावाले त्याचे जादा पैसे देऊ लागले आणि ते सगळीकडे पसरलं. मग सव्वातीन लाख बायकांच्या तपासण्या ताडून पाहिल्या, तर फायदा शून्य. उलट जे डॉक्टर कधी कॅड लावून, कधी न लावता बघत, त्यांच्या हातून कॅड असताना जास्त कॅन्सर निसटत होते. दुधाने एवढं तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिणाऱ्याला भित्रा म्हणायचं का?

शिवाय डॉक्टरांचा सावधपणा यंत्राइतकाच स्वतःबद्दलही आहे. 2023 साली जर्मनीतल्या एका प्रयोगात 27 रेडिओलॉजिस्टना मधूनमधून मुद्दाम चुकीचा सल्ला देणारं ‘एआय’ दिलं. सल्ला बरोबर असताना नवख्यांचे सुमारे 80 टक्के निष्कर्ष अचूक होते, तो चुकीचा असताना ते 20 टक्क्यांवर आले. मुरलेल्यांचेही 82 वरून 45च्या आसपास! पडद्यावर यंत्राचा आकडा दिसला की आपली नजर त्याच्या मागे जाते, हे त्यांना कळलंय.

नोकरीची धास्ती कुणालाच नाही, असं मी म्हणणार नाही. ‘रेडिओलॉजिस्ट घडवणं थांबवा’ असं एआयचे एक जनक मानले जाणारे जेफ्री हिंटन 2016 मध्ये म्हणाले होते, तेव्हा शिकणारी पोरं हादरली असतील. पण स्वीडनमध्ये मॅमोग्राम सहसा दोन डॉक्टर वाचतात आणि डॉक्टर पुरत नाहीत. तिथल्या मोठ्या चाचणीत एआयमुळे वाचनाचं काम 44 टक्क्यांनी घटलं आणि कॅन्सरही जास्त सापडले. ती चाचणी चालवली रेडिओलॉजिस्टनीच. जर्मनीत 119 रेडिओलॉजिस्टना मुभा होती, वाटलं तर एआय वापरा, नाहीतर नको. त्यांनी अडीच लाखांहून जास्त बायकांसाठी ते आपणहून वापरलं. तिथेही जवळपास 18 टक्के जास्त कॅन्सर हाती लागले.

आणि हा फॉरवर्ड वाचून आपल्याकडच्या डॉक्टरांवर चिडणाऱ्यांना एवढंच सांगते, की आपल्या सरकारी कार्यक्रमात सरसकट मॅमोग्राफी नाहीच. तिथे हाताने तपासणी करतात. ती कमी लेखू नका. टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाख बायकांवर 20 वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलेल्या बायकांपैकी पन्नाशीपुढच्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्के कमी झाले.