‘मुलं खोटंच सांगतात’ म्हणून सर्वेक्षण टाकाऊ ठरत नाही

‘किशोरवयीन मुलांना दारूबद्दल विचारण्यात अर्थ नाही. ती खोटं सांगतात, त्यामुळे पिणं वाढलं की घटलं हे कळूच शकत नाही,’ असा दावा सर्रास फिरतो.

मुलं लपवतात, हे खरं. पण किती लपवतात ते विचारण्याच्या पद्धतीवर ठरतं. घरात आई शेजारी असताना तोंडी विचारलं तर होकार कमी येतात. वर्गात, नाव न लिहिता भरून शिक्षकांच्या हाती न देता बंद केलेल्या प्रश्नावलीत जास्त येतात. फुशारकी मारणारेही असतातच. त्यांना हेरण्यासाठी युरोपातल्या ‘एस्पाड’ सर्वेक्षणाने ‘रेलेव्हिन’ हा अस्तित्वातच नसलेला अमली पदार्थ यादीत घातला होता. तो घेतल्याचं सांगणारे अगदीच थोडे निघाले.

कल पाहायचा असेल तर सगळ्यांनी खरं बोलायलाच हवं असं नाही. लपवण्याचं प्रमाण दरवर्षी साधारण सारखं राहिलं तरी भागतं. अमेरिकेत ‘मॉनिटरिंग द फ्युचर’ हे शाळांमधलं सर्वेक्षण 1975 पासून बारावीच्या मुलांना विचारतं: गेल्या 30 दिवसांत प्यायलात का? 1978 मध्ये 72 टक्के ‘हो’ म्हणाले, 2023 मध्ये सुमारे 24 टक्के. ही घट निव्वळ खोटेपणाची मानायची, तर पिणाऱ्या तिघांपैकी दोघे आता लपवू लागलेत असं म्हणावं लागेल. कागदाऐवजी टॅबलेट आणतानाही 2019 मध्ये निम्म्या शाळा यादृच्छिक पद्धतीने कागदावरच ठेवल्या होत्या, म्हणजे साधन बदलल्याने पडणारा फरक वेगळा काढता यावा.

खरी गफलत होते ती प्रश्न बदलल्यावर. अमेरिकेच्या घरोघरच्या सर्वेक्षणाने 2015 मध्ये मुलींसाठी ‘एका बैठकीत अति पिणे’ याची मर्यादा 5 ड्रिंकवरून 4 वर आणली. आधीच्या वर्षांचे आकडे सरळ शेजारी ठेवले, तर मुली जास्त पिऊ लागल्याचा भास होतो.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे, दारू पिणाऱ्या पुरुषांचे ‘29 वरून 19 टक्के’ हे आकडे असेच फिरवले जातात. 2015-16 चे 29 टक्के हे 15 ते 49 वयाचे पुरुष, स्वतः उत्तर देणारे. 2019-21 चे 19 टक्के हे 15 वर्षांवरचे सगळे पुरुष, आणि उत्तर घरातल्या कुणा एकाने सर्वांच्या वतीने दिलेलं. सोळा वर्षांच्या मुलाचं पिणं वडिलांच्या तोंडून कितीसं कळणार? त्याच फेरीत 15 ते 49 वयाच्या पुरुषांना थेट विचारल्यावर 22 टक्के आले. घट आहे, पण सातच टक्क्यांची.

प्रमाण विचारतानाही नीट विचारावं लागतं. अमेरिकेचं एक ड्रिंक म्हणजे 14 ग्रॅम अल्कोहोल. 650 मिलिची 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर 41 ग्रॅमची, 42.8 टक्क्यांच्या दारूची 180 मिलिची क्वार्टर 61 ग्रॅमची. ‘किती ड्रिंक?’ विचारलं की मुलगा बाटली मोजतो आणि उत्तर ‘एक’ येतं. म्हणून बाटलीचा आकार आणि प्रकार विचारून ग्रॅम नंतर काढावेत.

एक उणीव मात्र मान्य करावी लागते. वर्गात भरलेल्या प्रश्नावलीत शाळा सोडलेली मुलं नसतात आणि त्या दिवशी दांडी मारलेलीही नसतात. ही मुलं सरासरीपेक्षा जास्त पितात. त्यामुळे गळतीचं प्रमाण बदललं की कलही वाकतो. शाळेच्या आकड्यांशेजारी गळती आणि हजेरीचे आकडे छापायला हवेत.