दोन स्टार मिळालेल्या अंब्रेला पामबद्दल

नमस्कार मॅडम,

रिव्ह्यूसोबत फोटो टाकलेत ते बरं झालं, नेमकं बोलता येतं. तुमची तक्रार अशी की आमच्याकडून नेलेल्या अंब्रेला पामची महिनाभरात टोकं जळली, दांडे पिवळे पडले, ताटलीत डासांच्या अळ्या झाल्या. आमच्या माणसाने "पाणी भरपूर घाला" एवढंच सांगितलं आणि झाड बदलूनही दिलं नाही.

फोटोतलं झाड कुजलेलं नाही. कुजलं असतं तर दांडा मातीलगत मऊ, काळपट झाला असता आणि ओढल्यावर हातात आला असता. तुमचे दांडे ताठ आहेत, टोकं तेवढी वाळून भुरी झालीत. हे झाड तहानलंय. लव्हाळ्याच्या कुळातलं, पाणथळ जागेतलं झाड आहे हे. "वरची माती सुकली की पाणी द्या" हा बाकीच्या कुंड्यांचा नियम याला लावला की टोकं जळतातच. सकाळी वरून दोन मग ओतणं म्हणजे भरपूर नव्हे. नवी मुंबईत सीवूड्सच्या वाऱ्यावर सहा इंची कुंडी दुपारपर्यंत कोरडी होते. शिवाय तिसऱ्या फोटोत ती एसीच्या आउटडोअर युनिटच्या तोंडाशीच दिसते. त्या झोतापुढे निवडुंगही रडेल.

मातीवर पांढरा थरही दिसतोय. ते क्षार आहेत. मोरबे धरणाच्या नळाच्या पाण्याने इतक्या लवकर असा थर येत नाही, म्हणजे एक तर सोसायटीचं बोअरचं पाणी, नाहीतर कोणीतरी डीएपी खताचे दाणे टाकलेत. क्षार साठले की माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. कुंडी नळाखाली धरून तिच्या आकाराच्या तिप्पट साधं पाणी आरपार जाऊ द्या. नवे कोंब दिसेपर्यंत खत नको. पुढे 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा पुरतं.

पिवळे दांडे कात्रीने मातीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर कापा. नुसती जळकी टोकं छाटत बसू नका; कापलेला दांडा पुन्हा वाढत नाही, नवा कोंब खालच्या गड्ड्यातूनच येतो. जुना दांडा पिवळा पडणं हा या झाडाचा स्वभावच आहे, सगळेच एकदम पिवळे पडले तर काळजी करायची. मग झाड आठ इंची कुंडीत हलवा. दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू. कोकोपीट घालू नका, पाण्यात ते वर तरंगतं. ओलं शेणखतही नको, साचलेल्या पाण्यात सडून वास मारतं. मातीवर बोटभर जाडीची खडी पसरा. ही कुंडी बिनभोकाच्या टबात ठेवून टबात पाच सेंटिमीटर पाणी राखा. सकाळचं ऊन चालेल, पश्चिमेचं कडक ऊन टाळा.

डासांची तक्रार रास्त आहे, पण त्यासाठी झाड टाकून द्यायची गरज नाही. टबातलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओता आणि आतली कड ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर, भिंतीला चिकटतात आणि सुकी असली तरी महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे नुसतं पाणी बदलून भागत नाही. टब मोठा, पंधरा-वीस लिटरचा असेल तर अळ्या खाणारे चार गप्पी मासे सोडा. रॉकेल किंवा फिनेल मात्र अजिबात नको.

कापणीत जे दांडे हिरवे निघतील त्यांची टोकाची पानांची छत्री खाली दोन-तीन सेंटिमीटर दांडा ठेवून कापा, पानं निम्मी छाटा आणि पाण्याच्या वाडग्यात उलटी टाका. साधारण तीन आठवड्यांत मुळं आणि बारीक रोपं दिसतील. म्हणजे एका झाडाची चार होतील.

तुम्ही हेही लिहिलंय की ऑनलाइन दिसतं ते सोनेरी पट्ट्याचं कॅरेक्स, म्हणजे गवतासारखं शोभेचं झाड, मागितलं तर आम्ही "ठेवत नाही" म्हणून टाळलं. टाळलं नाही. 'एव्हरगोल्ड' नावाचं ते कॅरेक्स जपानी जंगलातलं, थंड हवेचं. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा उकडतं, वर जूनपासून धो धो पाऊस, मुळं कुजतात. विकायला छान आहे, जगायला नाही. पट्ट्याचीच हौस असेल तर स्पायडर प्लांट घ्या, निम्म्या पैशात.

बदलून देण्याबद्दल: नेल्यापासून सात दिवसांत मूळकूज किंवा कीड निघाली तर आम्ही झाड बदलतो, पावतीवर ते छापलेलं आहे. हे त्यात बसत नाही. पण कुंडी घेऊन आलात तर छाटून, नव्या मिश्रणात लावून देऊ. मिश्रणाचे आणि कुंडीचे पैसे पडतील, मजुरी नाही. येताना दांडे दुमडू नका, तिथेच मोडतात. ओल्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळून आणा. सोमवारी नर्सरी बंद असते.