गॅरंटी मागणारा मंत्री आणि कोनी नावाचा न्यायाधीश

वकिली करणाऱ्या कुणालाही विचारा, पक्षकार सगळ्यात जास्त वेळा काय विचारतो. "साहेब, गॅरंटी देता का?" परवा कोर्टाच्या व्हरांड्यात एक म्हातारे गृहस्थ भेटले, प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा आणि जुन्या नोटिसा, माझा हात धरून हेच विचारत होते. नाही म्हटलं, त्यांचा चेहरा उतरला, मलाही वाईट वाटलं. घरी येताना सारखा जुन्या रशियातला न्यायाधीश आणि लेखक अनातोली कोनी आठवत होता, म्हणून ही पोस्ट. मोठी झालीय पण वाचा.

रशियन लेखक म्हटलं की आपल्याकडे टॉलस्टॉय, दोस्तोव्हस्की, चेखव, गॉर्की, झालं. कोनीचं नाव कुणी घेत नाही. जन्म १८४४ चा, पीटर्सबर्गचा, वडील नाटकं लिहायचे, आई नटी आणि लेखिका. पोरगा आधी गणित शिकायला गेला पण १८६१ मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनामुळे युनिव्हर्सिटी बंद पडली, मग मॉस्कोला जाऊन कायदा केला. १८६५ ला शिकून बाहेर पडला आणि आदल्याच वर्षी झारने कोर्टांची नवी पद्धत आणली होती, उघड सुनावणी, ज्युरी (म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणारे साधे नागरिक), स्वतंत्र वकील, न्यायाधीशाला वरून मनाला येईल तेव्हा काढता येणार नाही अशी तरतूद. या नव्या कोर्टांवर कोनीचा फार जीव होता.

आता तो खटला. १८७७ च्या जुलैत पीटर्सबर्गचा शहरप्रमुख जनरल त्रेपोव तुरुंग बघायला गेला असताना बोगोल्युबोव नावाच्या राजकीय कैद्याने टोपी काढली नाही, एवढ्यावरून त्याला फटके मारले. कोनी तेव्हा न्यायखात्यात होता आणि हे बेकायदेशीर आहे हे त्याने न्यायमंत्री काउंट पालेनला तोंडावर सांगितलं होतं. पुढे २४ जानेवारी १८७८ ला (तिकडचं जुनं कॅलेंडर) व्हेरा झासुलिच नावाची बाई अर्जदार म्हणून त्रेपोवसमोर उभी राहिली आणि त्या फटक्यांचा बदला म्हणून तिने गोळी झाडली. त्रेपोव जखमी झाला, वाचला. आणि नेमक्या त्याच दिवशी कोनीने पीटर्सबर्ग जिल्हा कोर्टाच्या अध्यक्षपदाचा चार्ज घेतला होता!! वय अजून चौतीसही पूर्ण नाही.

खटला ज्युरीसमोर चालवायचा हे पालेननेच ठरवलं, त्याला वाटलं शिक्षा होणारच. नंतर मात्र पोटात गोळा आला आणि कोनीला बोलावून त्याने चक्क गॅरंटी मागितली, ती दोषी ठरेल याची. कोनी म्हणाला देता येणार नाही. मग पालेन म्हणतो, निदान कामकाजात एखादी चूक ठेवा, म्हणजे निकाल वर जाऊन रद्द करता येईल. यावर कोनीचं उत्तर असं होतं की मी आयुष्यात तिसऱ्यांदाच अध्यक्ष म्हणून बसतोय, चुका होतीलही, पण जाणूनबुजून करणार नाही, ते न्यायाधीशाला शोभत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिलो होतो.

३१ मार्चला कोर्ट खचाखच भरलेलं, दोस्तोव्हस्कीसुद्धा हजर. दोन सरकारी वकिलांनी ही केस चालवायला आधीच नकार दिला होता, तिसऱ्याने चालवली. कोनीने ज्युरीला सांगितलं की माझं म्हणणं हा फक्त सल्ला आहे, तुम्हाला बंधनकारक नाही. ज्युरीचा प्रमुख निकाल वाचायला उभा राहिला, "नाही, दोषी ना..." एवढंच म्हणाला आणि पुढचं आरडाओरड्यात ऐकूच आलं नाही.

लोक कोनीला क्रांतिकारकांचा माणूस करून टाकतात. मला ते अजिबात पटत नाही. गोळी झाडणं त्याला मान्य नव्हतं, ती सुटावी म्हणूनही तो तिथे बसला नव्हता. निकाल आपल्या हातात नाही, आपल्या हातात फक्त नीट चालवलेली सुनावणी आहे, एवढंच तो धरून राहिला, आणि माझ्या मते हे भाषण ठोकण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. किंमतही मोजली. राजीनामा मागितला, त्याने दिला नाही, मग १८८१ मध्ये या फौजदारीत मुरलेल्या माणसाला दिवाणी बाजूला पाठवून दिलं. आमच्या लाइनमधल्या लोकांना याचा अर्थ लगेच कळेल.

आणि लेखक म्हणून? सरकारी वकील असताना त्याच्याकडे एक तरुण तक्रार घेऊन आला, की तुरुंगात रोझालिया नावाच्या कैदी बाईला माझं बंद पाकीट देत नाहीत. कैद्यांची पत्रं उघडूनच द्यायचा नियम होता. हळूहळू हकीकत कळली. हा माणूस ज्युरीत बसला होता आणि समोर आरोपी म्हणून उभी, याच्या नातेवाईक बाईच्या घरात वाढलेली तीच मुलगी जिला यानेच फसवून सोडलं होतं. आता वेश्या, दारू प्यायलेल्या गिऱ्हाइकाचे शंभर रुबल चोरल्याचा गुन्हा. याला तिच्याशी लग्न करायचं होतं. ती तुरुंगातच टायफसने गेली. १८८७ मध्ये यास्नाया पोल्यानाला, म्हणजे टॉलस्टॉयच्या गावच्या घरी, कोनीने हे टॉलस्टॉयला सांगितलं, टॉलस्टॉय आधी म्हणाला तूच लिही, मग स्वतःच मागून घेतलं आणि कोनीने खुशीने दिलं. १८९९ ची 'रिझरेक्शन' ती हीच. टॉलस्टॉय लिहिताना तिला 'कोनीची गोष्ट' म्हणायचा.

स्वतः कोनीने आठवणी लिहिल्या, खटल्यांच्या आणि लेखक मित्रांच्या, त्या जमतील तिथून मिळवून वाचा. १९०६ मध्ये त्याला न्यायमंत्रीपद देऊ केलं होतं, त्याने घेतलं नाही. क्रांतीनंतर हुद्दा, पेन्शन सगळं गेलं पण देश सोडला नाही, एका रेल्वे अपघातानंतर पाय अधू झालेला, कुबड्या टेकत पेत्रोग्राडभर (पीटर्सबर्गचंच बदललेलं नाव) लेक्चरं देत हिंडायचा. १९२७ च्या वसंतात, त्र्याऐंशी वर्षांचा असताना, शेकोटी न पेटवलेल्या गार हॉलमध्ये असंच एक लेक्चर दिलं, न्यूमोनिया झाला, आणि त्या सप्टेंबरमध्ये गेला.