विजापूर हे उरकायचं गाव नाही

"विजापूर ना? आम्ही अर्ध्या दिवसात उरकलं." गेल्या महिन्याभरात हे वाक्य मी तीन जणांकडून ऐकलं आणि तिन्ही वेळा जीव तुटला. पंढरपूर झालं, अक्कलकोट झालं, जाता जाता विजापूर. गाडी गोल घुमटाशी थांबते, पाऊण तास मिळतो, वर जाऊन सगळे जिवाच्या आकांताने ओरडतात, खाली येऊन ग्रुप फोटो, की निघाले.

मीही पहिल्यांदा असंच पाहिलं होतं, एका यात्रा बसमधून. छापील कार्यक्रमात 'विजापूर दर्शन' होतं आणि इब्राहिम रोजा, म्हणजे तिथली दुसरी मोठी कबर, आम्हाला बसच्या खिडकीतून दाखवला गेला. घुमटात शंभरेक माणसं एकाच वेळी किंचाळत होती, शिट्ट्या मारत होती. कानठळ्या बसल्या, एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन पुन्हा गेले. माहेर सोलापूरचं, तिथून विजापूर शंभरेक किलोमीटर. या वेळी दोन रात्री मुक्काम ठेवला आणि सकाळी दार उघडताच आत शिरलो. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून वर जायचं. जिना अरुंद, पायऱ्या उंच. आई दर मजल्यावर खिडकीशी टेकायची, दम घ्यायची, खालचं गाव बघायची. वर पोचलो तेव्हा गॅलरीत आम्ही दोघी आणि एक पहारेकरी. त्यांनी आईला पार समोरच्या बाजूला नेऊन भिंतीला तोंड करून बसायला सांगितलं. मध्ये सुमारे 38 मीटरची पोकळी. मला आई बोटभर दिसत होती. आणि अगदी माझ्या कानाशी, शेजारी बसल्यासारखा तिचा आवाज आला, "अगं, पाण्याची बाटली तुझ्याकडेच आहे ना?"

अंगावर काटा आला. गोल भिंतीच्या कडेकडेने सरकत आवाज पलीकडे पोचतो, म्हणून कुजबुज ऐकू येते. मोठ्याने ओरडलं की तोच आवाज पुन्हा पुन्हा घुमत राहतो, विरायला वेळ लागतो, आणि त्यात दुसऱ्या कुणाची कुजबुज बुडून जाते. म्हणजे जे ऐकायला आपण एवढे जिने चढतो, तेच आपण ओरडून घालवतो. हात जोडून सांगते, तिथे ओरडू नका. मुलांनाही आधीच समजावून न्या.

आणि मग खाली उतरून मान वर करून नुसतं बघा. मुहम्मद आदिलशहाची ही कबर 1656 च्या सुमारास पुरी झाली. आत एकही खांब नाही. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायचा कसा, तर एकमेकांत गुंफलेल्या आठ कमानी वर वर सरकत चौकोनाचा गोल करतात आणि सगळा भार भिंतींवर उतरवतात. बांधणारा म्हणून नाव सांगतात दाभोळच्या याकूतचं. दाभोळ म्हणजे आपलं रत्नागिरीतलं, वाशिष्ठीच्या मुखावरचं! हे मला चाळिशीनंतर कळावं, याचं खरंच वाईट वाटलं.

आपल्याकडे विजापूर म्हणजे फक्त शत्रूचा दरबार. 1659 मध्ये अफझलखान निघाला तो तिथूनच, ते खरंच आहे आणि विसरायचंही नाही. पण शहाजीराजांनी चाकरी केली तीही याच दरबारात, आणि आदिलशाही फर्मानांत फारसीबरोबर मराठी मजकूर असायचा. दुसरा इब्राहिम आदिलशहा तर दखनीत गाणी रचायचा, त्यांत सरस्वतीला आणि गणपतीला वंदन आहे. आपल्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असं नाव दिलं होतं. त्याची कबर, म्हणजे इब्राहिम रोजा, बघायला निदान दोन तास हवेत. घुमटात नक्षी जवळपास नाहीच, इथे मात्र दगडाची जाळी अक्षरांची आहे. उजेड त्या अक्षरांच्या फटींतून आत येतो. आई तिथे बराच वेळ काही न बोलता उभी होती.

मग तोफ. आपण मोठ्या आवाजाच्या वक्त्याला 'मुलूखमैदान तोफ' म्हणतो ना, ती हीच. 1549 मध्ये अहमदनगरला ओतली, धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याच्या किल्ल्यावर होती, 1632 मध्ये विजापूरला आणली. वजन सुमारे 55 टन. तोंडाशी सिंहाचा जबडा आहे आणि त्याच्या दातांत चिरडलेला हत्ती, सोंडेसकट. तळहात टेकवला तर भर उन्हातही धातू गार लागला. नगरची, धाराशिवची माणसं इथे येतात आणि आपल्याच मातीतल्या या वस्तूसमोर सेल्फी काढून पुढे जातात, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. यात त्यांचा दोष नाही. सहल काढणाऱ्यांनी दोन वाक्यं तरी सांगायला हवीत.

एक गोष्ट मात्र माफ करवत नाही. बारा कमानीच्या काळ्या दगडावर खिळ्याने कोरलेली नावं, मध्ये बदाम. दुसऱ्या अली आदिलशहाची ही कबर अपुरीच राहिली, डोक्यावर छप्पर नाही, नुसत्या कमानी आभाळात उभ्या. त्यांत मराठी नावं वाचली आणि मान खाली गेली.

जायचं असेल तर थंडीत जा. पहिली सकाळ घुमटाला, दुपारी एखाद्या खानावळीत ज्वारीची भाकरी, एणगाई (म्हणजे भरली वांगी) आणि शेंगाचटणी, आणि संध्याकाळ बारा कमानीला. दुसरा दिवस रोजा, तोफ, जामा मशीद आणि ताज बावडीला ठेवा. शहरभर विखुरलेले पाण्याचे जुने मनोरे दिसले की टांगेवाल्याला थांबवा. लांबून जमिनीखालच्या नळांनी आणलेल्या पाण्याचा दाब त्यांत सांभाळला जायचा. टांगेवाल्यांना मराठी कळतं, बिनधास्त विचारा.

आईने परत येताच मावशीला फोन लावला. "ताई, तुझे गुडघे ठीक असतील तर फेब्रुवारीत चल. तू एका टोकाला बस, मी दुसऱ्या. बरंच बोलायचं राहिलंय."