कागद वाचवा म्हणे!

आमच्या चिरंजीवांनी शाळेसाठी प्रकल्प केला. विषय : कागद वाचवा. त्यापायी किती कागद वाया गेला ते विचारूच नका. समासाची रेघ जरा तिरकी आली की पान टर्रकन फाडायचं, चुरगळून बोळा करायचा आणि टोपलीत नेम धरायचा. नेम चुकला की बोळा पलंगाखाली. काल केर काढताना 11 निघाले. त्यातले 7 तर पाठकोरे!

बरं, रद्दीचा खोका टोपलीपासून दोन हातांवर. पण त्यात काय सापडतं? ओला टिशू आणि एटीएमची पावती. अरे बाबा, त्या पावतीवर रसायनाचा लेप असतो, ती रद्दीत चालत नाही. ओल्यानं खालचा चांगला कागदही नासतो. कागदाचा तंतू साधारण 5 ते 7 वेळाच पुन्हा वापरता येतो, दर खेपेला आखूड होत जातो, हेही सांगून झालं. "हो गं आई." कानातलं इअरफोन काही निघालं नाही.

प्रकल्पाला मात्र पैकीच्या पैकी गुण. आता मुखपृष्ठ लॅमिनेट करून हवंय. प्लास्टिकमध्ये!